स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये नवी पोरं जोखायची कशी? कब्सच्या कॅम्पबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर फेब्रुवारीत शिकागोत आम्ही गाडीवरचा बर्फ खरवडत असतो आणि तिकडे ॲरिझोनातल्या मेसामध्ये कब्सचे, म्हणजे आपल्या शिकागोच्या बेसबॉल टीमचे, पिचर (बॉल टाकणारे) आणि कॅचर कॅम्पला हजर होतात. त्या दिवसापासून मला तेच तेच प्रश्न येतात, मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या लाइनमध्ये, व्हॉट्सॲपवर, मुलांच्या लिटल लीगच्या प्रॅक्टिसला उभं असताना. म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय.

स्प्रिंग ट्रेनिंग म्हणजे नक्की काय? सराव सामनेच ना?

हो, सराव सामनेच, पण महिनाभर, जवळजवळ रोज. मेजर लीगच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगच्या, तीस टीमपैकी पंधरा ॲरिझोनात जमतात, त्याला कॅक्टस लीग म्हणतात, आणि पंधरा फ्लोरिडात, ती ग्रेपफ्रूट लीग. फेब्रुवारीच्या मध्याला कॅम्प सुरू होतो, महिनाअखेरीस मॅचेस लागतात आणि मार्च संपता संपता खरा सीझन. कॅम्पला साठच्या आसपास खेळाडू असतात आणि सीझनच्या पहिल्या दिवशी टीममध्ये जागा फक्त २६. त्यातल्याही बहुतेक आधीच ठरलेल्या, म्हणजे खरी चुरस दोन-तीन जागांसाठी असते. या मॅचेसचा निकाल कुठेच मोजला जात नाही, त्यामुळे जिंकले की हरले हे विचारूच नका.

एखाद्या पोराने मार्चमध्ये .४०० च्या वर मारलं तर तो तयार झाला असं समजायचं का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. सरासरी म्हणजे हिट (फटका मारून बेस गाठणं) भागिले ॲट-बॅट (बॅटिंगच्या खेपा), .४०० म्हणजे दहात चार हिट.

२०१५ च्या कॅम्पमध्ये कब्सच्या क्रिस ब्रायंटने ४० ॲट-बॅटमध्ये १७ हिट मारले, म्हणजे .४२५, आणि त्यात ९ होम रन. त्या वर्षी सगळ्या टीम धरून स्प्रिंगमध्ये सगळ्यात जास्त. पण आता ४० हा आकडा नीट बघा. चाळीसात एक हिट कमी-जास्त झाला की सरासरी २५ पॉइंटने हलते. त्याच्या सतरातले तीन फटके थेट फील्डरच्या हातात गेले असते तर तो .३५० वर आला असता, पाच गेले असते तर .३००, आणि पोरगा तोच, स्विंग तोच. पूर्ण सीझनला पाचशेच्या वर ॲट-बॅट होतात, तिथे हा नशिबाचा भाग बराच धुऊन निघतो, मार्चमध्ये नाही निघत.

मग ब्रायंट खरा निघाला तो कशामुळे? तर .४२५ मुळे नाही. आदल्या वर्षी, २०१४ ला, त्याने डबल-ए आणि ट्रिपल-ए (मेजर लीगच्या खालच्या मायनर लीगच्या वरच्या दोन पायऱ्या) मिळून ४३ होम रन मारले होते, अख्खा सीझन, बसने प्रवास करत. मार्चने फक्त त्याच गोष्टीला दुजोरा दिला. उलट उदाहरण बघायचं तर यांकीजचा अँथनी व्होल्पी, २०२३ च्या स्प्रिंगमध्ये .३१४ मारून त्याने शॉर्टस्टॉपची जागा घेतली आणि सीझनला सरासरी आली .२०९. आणि आपल्याच घरचं, माइक ओल्ट २०१४ च्या कॅम्पमधून टीममध्ये आला आणि त्या सीझनला .१६० वर राहिला. व्होल्पीने मात्र त्याच वर्षी २१ होम रन मारले आणि फील्डिंगसाठी गोल्ड ग्लव्ह घेतलं, म्हणजे पोरगा वाईट नव्हताच, स्प्रिंगच्या सरासरीवरून आपण जी अपेक्षा लावून बसलो ती चुकीची होती.

समोर कोण बॉल टाकतंय त्याने फरक पडतो का?

प्रचंड. मला विचाराल तर सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो आणि स्कोअरकार्डवर तो दिसतच नाही. मॅचच्या नऊपैकी पहिल्या चार-पाच इनिंगमध्ये खरे खेळाडू असतात, मग एकेक करून ते निघतात, आंघोळ करून गाडीत बसून घरीसुद्धा जातात, आणि सातव्या-आठव्या इनिंगला ज्यांच्या पाठीवर ७९ नाहीतर ९१ असले नंबर आहेत ती पोरं खेळत असतात. दुसऱ्या इनिंगला एखाद्या टीमच्या पहिल्या नंबरच्या पिचरला मारलेला डबल (दोन बेसचा फटका) आणि आठव्या इनिंगला डबल-ए च्या पोराला मारलेला होम रन, कागदावर होम रन मोठा दिसतो. रणजीचा बॉलर आणि क्लबचा नेट बॉलर यांना मारलेल्या सिक्स आपण सारख्या धरत नाही ना, तसंच.

यासाठी बेसबॉल रेफरन्सच्या साइटवर स्प्रिंगच्या आकड्यांबरोबर समोरच्या खेळाडूंचा दर्जा दाखवणारा एक आकडा असतो. १० म्हणजे मेजर लीग, ८ म्हणजे साधारण ट्रिपल-ए. सरासरी बघायच्या आधी तो कॉलम बघा. निम्मी चर्चा तिथेच संपते.

बरं, सरासरी बघायची नाही, मग बघायचं काय?

बॅटरबद्दल आधी बोलू. मी तीन गोष्टी बघतो. कुठला बॉल सोडला, बॅटवर बॉल लागल्याचा आवाज कसा आला, आणि दोन स्ट्राइक झाल्यावर (तिसऱ्याला बाद) काय केलं.

पहिली सगळ्यात महत्त्वाची. मेसाला मुख्य स्टेडियमच्या बाजूला सरावाची मैदानं आहेत, सकाळी तिकडे जाळीला चिकटून उभं राहिलं की पंधरा-वीस फुटांवर सगळं चाललेलं असतं. गेल्या काही वर्षांत पाहिलेली एक वेळ माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. सकाळी साडेनऊ-दहाची वेळ, गवत अजून ओलं, बॅटिंगला एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा, शर्टावर नावसुद्धा नाही. दोन स्ट्राइक झालेले. पिचरने स्लायडर टाकला, मधल्या उंचीवर निघालेला आणि शेवटच्या क्षणी बाहेर खाली पडणारा, याच बॉलवर पोरं फसतात. याचे हात निघाले, निघाले म्हणजे कोपर पुढे आलं, खांदा वळायला लागला, आणि तिथे थांबले. बॅट खांद्यापाशीच राहिली, पुढचा पाय मातीत सरकला त्याचा खर्रर असा आवाज आला. 'बॉल', म्हणजे स्ट्राइकच्या चौकटीबाहेर पडलेला, असे चार झाले की वॉक, बॅटर फुकट पहिल्या बेसला. मग पुढचे दोन फास्टबॉल त्याने फाऊल केले, एक माझ्या समोरच्या जाळीवर आदळला, आणि मग पुन्हा तोच स्लायडर आला तर या वेळी हात हललेसुद्धा नाहीत. शेवटी वॉक. जाळीमागे खुर्ची टाकून बसलेल्या स्काऊटने (टीमसाठी खेळाडू हेरणारा) रडार गन मांडीवर ठेवली आणि वहीत तीन-चार ओळी लिहिल्या. एका वॉकसाठी! स्कोअरकार्डवर ते एक अक्षर असतं फक्त.

आवाजाचं आता मोजमाप निघालंय, बॅटवरून बॉल किती वेगाने निघतो ते. ताशी ९५ मैल किंवा जास्त असेल तर त्याला हार्ड हिट म्हणतात. हे आकडे सरासरीपेक्षा लवकर खरं बोलायला लागतात, कारण ११० मैलांनी बॉल मारणं नशिबाने होत नाही, अंगात ताकद असल्याशिवाय एकदासुद्धा होत नाही. म्हणून ब्रायंटचे ९ होम रन मला .४२५ पेक्षा जास्त बोलके वाटले होते.

पिचर कसे जोखायचे? त्यांचे रन बघू नये का?

फेब्रुवारीत तर अजिबात नको. हात अजून मोकळा होत असतो, वेग दोन-तीन मैलांनी कमी असतो, वीस-पंचवीस बॉल झाले की काढून नेतात आणि स्प्रिंगमध्ये तोच पिचर पुढच्या इनिंगला परत येऊसुद्धा शकतो. शिवाय बरेच जण नवीन काहीतरी करून बघत असतात, दिवसभर फक्त चेंजअपच (मुद्दाम हळू टाकलेला फसवा बॉल) टाकायचा असं ठरवून आलेला पिचर मार खाणारच, त्याला आणि कोचला ते आधीच माहीत असतं.

बघायचं ते हे, मार्चच्या शेवटाला वेग परत आला का, तिसऱ्या-चौथ्या इनिंगला तो टिकतो का, मागे पडल्यावर म्हणजे दोन बॉल शून्य स्ट्राइक असताना फास्टबॉल सोडून दुसरं काही स्ट्राइकमध्ये टाकायची हिंमत आणि ताबा आहे का. स्टार्टर (मॅच सुरू करणारा पिचर) व्हायचं तर तीन प्रकारचे पिच लागतात, दोनच असतील तर पोरगा बहुतेक बुलपेनमध्ये, म्हणजे नंतर येणाऱ्या पिचरांमध्ये जातो. आणि दुखापतीतून येत असेल तर आकडे बाजूलाच ठेवा. केड हॉर्टन, २०२२ च्या ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंची वार्षिक निवड) आपला पहिल्या राउंडचा पिक, २०२४ मध्ये खांद्यामुळे बहुतेक सीझन बाहेर होता, २०२५ च्या कॅम्पला प्रश्न एकच होता की खांदा धरतोय का. धरला. मे महिन्यात वर आला आणि सीझन संपला तेव्हा ईआरए (पिचरने नऊ इनिंगमागे दिलेले रन, कमी तितका चांगला) होता २.६७.

ते २० ते ८० काय असतं?

स्काऊट लोकांची मार्क द्यायची पद्धत. ५० म्हणजे मेजर लीगचा साधारण खेळाडू, ६० चांगला, ७० फार चांगला, ८० म्हणजे दुर्मिळ. पाच गोष्टींना मार्क असतात: हिटिंग, पॉवर, पळणं, थ्रो आणि फील्डिंग. प्रत्येक गोष्टीला दोन आकडे, आज किती आणि पुढे किती होईल. लोक फक्त दुसरा आकडा वाचून येतात आणि मग आजचा खेळ बघून नाराज होतात, असं करू नका.

पळण्याचे मार्क मात्र तुम्ही स्वतः देऊ शकता, मोबाइलचं स्टॉपवॉच पुरतं. बॅटला बॉल लागल्यापासून पहिल्या बेसला पाय लागेपर्यंत, ९० फूट. उजव्या हाताच्या बॅटरला ४.३ सेकंद आणि डावऱ्याला ४.२ म्हणजे ५० मार्क, डावरा बेसच्या जवळ उभा असतो म्हणून त्याला कमी वेळ. मुलांना घेऊन गेलात तर हे काम त्यांना द्या, माझ्या पोरीला बेसबॉलची गोडी त्यानेच लागली.

ब्रायंट एवढा खेळला तर त्याला खाली का पाठवलं होतं?

याचं उत्तर मैदानावर नाहीये, कॅलेंडरवर आहे. आणि खरं सांगतो, मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं आणि अजूनही ती गोष्ट बरोबर वाटत नाही.

नियम असा की मेजर लीगमध्ये १७२ दिवस झाले की एक वर्ष सर्व्हिस धरली जाते आणि अशी सहा वर्षं झाली की खेळाडू मोकळा, कुठल्याही टीमशी करार करू शकतो. म्हणजे पोराला सुरुवातीचे थोडे दिवस खाली ठेवलं की टीमला तो जवळजवळ सात वर्षं मिळतो. मार्चच्या शेवटाला ब्रायंटला मायनर लीगच्या कॅम्पला पाठवलं, टीमने सांगितलं की फील्डिंगवर काम करायचंय, आणि १७ एप्रिलला शिकागोत कब्सच्या रिग्ली मैदानावर त्याची पहिली मॅच झाली. पहिल्या दिवशी ४ पैकी ० आणि तीन स्ट्राइकआऊट. सीझनअखेर त्याची सर्व्हिस झाली १७१ दिवस. एक दिवस कमी. त्याने तक्रार केली, निकाल २०२० च्या सुरुवातीला लागला आणि तो त्याच्या विरोधात गेला. मधल्या काळात तो २०१५ चा रुकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवखा) झाला, २०१६ चा एमव्हीपी (सर्वांत मोलाचा खेळाडू) झाला आणि १०८ वर्षांनी आपण वर्ल्ड सिरीज जिंकलो.

तेव्हा पोरगा खाली गेला की आधी बघा, कारण खेळाचं आहे का कॅलेंडरचं.

हे प्रकार आता बंद झाले का?

कमी झालेत. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०२२ च्या नव्या करारात दोन गोष्टी आल्या. नावाजलेल्या प्रॉस्पेक्टला, म्हणजे होतकरू पोराला, पहिल्या दिवसापासून टीममध्ये ठेवलं आणि तो रुकी ऑफ द इयर झाला तर टीमला ड्राफ्टमध्ये एक जादा पिक मिळतो. सिॲटलला हुलिओ रॉड्रिगेझमुळे मिळाला, ॲरिझोनाला कॉर्बिन कॅरलमुळे. दुसरी गोष्ट, असा प्रॉस्पेक्ट त्या मतदानात पहिल्या दोनात आला तर उशिरा वर येऊनही त्याला पूर्ण वर्षाची सर्व्हिस मिळते. हॉर्टन २०२५ ला नॅशनल लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन भागांपैकी आपला) दुसरा आला, म्हणजे मे मध्ये येऊनही त्याचं वर्ष धरलं गेलं. ब्रायंटच्या वेळी हा नियम असता तर...

खाली पाठवला म्हणजे नापास का?

मुळीच नाही, आणि हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगत असतो.

हावी बाएझ बघा. २०१४ ला ऑगस्टमध्ये वर आला, ५२ मॅचमध्ये ९५ स्ट्राइकआऊट, सरासरी .१६९. २०१५ च्या कॅम्पमध्येही बॅट बॉलला लागेना म्हणून ट्रिपल-ए ला, आयोवाला परत. लोकांनी तेव्हा त्याला मोडीत काढलं होतं. पुढच्याच वर्षी तो नॅशनल लीगच्या अंतिम सिरीजचा संयुक्त एमव्हीपी आणि २०१८ ला एमव्हीपीच्या मतदानात दुसरा. आणि गंमत बघा, २०२१ ला त्यालाच मेट्सला देऊन आपण पीट क्रो-आर्मस्ट्राँग घेतला, त्याची पण तीच कथा. २०२३ ला सप्टेंबरमध्ये वर आला, १४ पैकी एकही हिट नाही. २०२४ चा कॅम्प झाला आणि सुरुवात आयोवात. २०२५ ला ३१ होम रन, ३५ बेस चोरले आणि सेंटर फील्डचं गोल्ड ग्लव्ह.

मॅट शॉ सुद्धा. २०२५ ला कॅम्पमध्ये दुखापत असूनही टोकियोतल्या डॉजर्सविरुद्धच्या पहिल्या मॅचेसला तो टीममध्ये होता, एप्रिलच्या मध्याला .१७२ वर असताना खाली गेला आणि मे मध्ये परत आला. मेजर लीगचे पिचर पहिल्या दोन आठवड्यांत तुमचा कच्चा दुवा शोधतात आणि मग रोज तिथेच टाकतात. तो दुवा बुजवायला शांत जागा लागते, चाळीस हजार लोकांसमोर ते होत नाही.

ऑप्शन आणि रीअसाइन यात काय फरक?

४० जणांच्या यादीत असलेल्याला खाली पाठवतात तेव्हा ऑप्शन, आणि असे साधारण तीन सीझन मिळतात. यादीत नसलेला, म्हणजे नॉन-रोस्टर पाहुणा, मायनर लीगच्या कॅम्पला रीअसाइन होतो. ब्रायंट तेव्हा यादीत नव्हता, बाएझ होता. एखाद्याचे ऑप्शन संपलेले असतील तर खेळ सारखा असूनही त्याला आधी जागा मिळते, नाहीतर दुसरी टीम त्याला उचलून नेऊ शकते. नव्या पोरावर अन्याय झाला असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा कारण हे असतं.

पोराचं वय बघायचं का?

लेव्हलच्या मानाने वय बघायचं. डबल-ए मध्ये २० वर्षांचा पोरगा .२५० मारतोय आणि २५ वर्षांचा .३०० मारतोय तर मी विसाच्या पोरावर लक्ष ठेवीन, तो आपल्यापेक्षा चार-पाच वर्षं मोठ्या पिचरांसमोर उभा आहे. डॉमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएलाकडची पोरं सोळाव्या-सतराव्या वर्षी करार करून येतात, त्यांना वेळ द्या.

प्रॉस्पेक्टच्या याद्यांवर किती विश्वास ठेवावा?

याद्या करणारे अभ्यास करतात, पण यादी म्हणजे पुढच्या पाच-सहा वर्षांचा अंदाज, पुढच्या एप्रिलचा नाही. बाल्टिमोरचा जॅक्सन हॉलिडे २०२४ ला यादीत पहिला, स्प्रिंगमध्ये .३११, एप्रिलमध्ये वर आला आणि ३४ पैकी २ हिट, १८ स्ट्राइकआऊट. महिन्याच्या आत परत खाली. तेव्हा तो २० वर्षांचा होता.

ॲरिझोनात बॉल जास्त लांब जातो का?

हो. हवा कोरडी आणि मेसा समुद्रसपाटीपासून हजार-बाराशे फूट उंच. कर्व्ह तिथे नीट वळत नाही अशी पिचरांची कायमची तक्रार असते. होम रन बघताना थोडं वजा करा, कर्व्ह बघताना थोडं जमा करा.

आपल्याकडची पोरं कधी अशा कॅम्पला होती का?

होती. रिंकू सिंग (क्रिकेटमधला नव्हे) आणि दिनेश पटेल, दोघंही उत्तर प्रदेशातले, भालाफेक करणारे. वेगात बॉल टाकायची स्पर्धा झाली त्यातून निवडले गेले आणि २००८ च्या नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्गने दोघांना करार दिला, फ्लोरिडातल्या ब्रेडेंटनच्या कॅम्पला गेले. बेसबॉलशी ओळख होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. डावखुरा रिंकू पुढे काही वर्षं मायनर लीगमध्ये टिकला. जी पोरं सहाव्या वर्षापासून खेळतात त्यांच्यात जाऊन उभं राहणं, मला त्याचं फार मोल वाटतं.

पहिल्यांदाच मेसाला जातोय, कधी जाऊ, कुठे बसू?

पोरं बघायची असतील तर मार्चचा पहिला पंधरवडा. त्यानंतर कपात सुरू होते. शिवाय २०२४ पासून मार्चच्या मध्याला स्प्रिंग ब्रेकआऊट म्हणून फक्त प्रॉस्पेक्टच्या मॅचेस ठेवतात, ती मिळाली तर सोडू नका, तिथे समोर कोण बॉल टाकतंय हा प्रश्नच राहत नाही. बाजूच्या मैदानांवर सराव कधी बघता येतो ते दरवर्षी बदलतं, आधी बघून जा.

स्लोन पार्कला, म्हणजे कब्सच्या मेसातल्या स्टेडियमला, आउटफिल्डच्या मागे गवताचा उतार आहे, तिकडचं तिकीट काढा, टोपी आणि पाणी विसरू नका, ऊन फार लागतं. मॅचच्या सुरुवातीला गर्दी असते, पंधरा हजारांचं स्टेडियम भरतं, पण नावाजलेले खेळाडू बाहेर पडले की लोकही उठायला लागतात. तुम्ही उठू नका. सातव्या इनिंगनंतर बेसमागच्या खुर्च्या रिकाम्या होतात, तिथल्या माणसाला विचारून पुढे येऊन बसा, स्टॉपवॉच काढा, आणि ८७ नंबरचा पोरगा बॅटिंगला आला की तो कुठला बॉल सोडतो ते बघा.